कानसेनांच्या गावी एक आठवडा

पांढुर्ण्याचे नाव महाराष्ट्रात कोणासमोर काढले, की ऐकणारा बहुधा दोन गोष्टी विचारतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते ती खरीच का, हा पहिला प्रश्न. आणि तुमच्याकडे मराठी बोलतात का, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांना 'होय' एवढेच उत्तर देऊन आम्ही आजवर वेळ निभावून नेत आलो आहोत. गेल्या डिसेंबरात पुण्यास एक आठवडा राहण्याचा योग आला, तेव्हा हे दोन्ही प्रश्न आम्हांस सदाशिव पेठेतील एका दिवाणखान्यात, चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वीच विचारले गेले. परंतु त्याच आठवड्यात आम्हांला एक तिसरा प्रश्न पडला. तो कोणी विचारला नव्हता. त्याची हकीकत आपल्या मासिकाच्या वाचकांना सांगावी, म्हणून हा लेख.

आमची धाकटी बहीण सौंसरला दिली आहे. तिच्याकडे संत्र्याची बाग आहे, आणि एकुलती एक मुलगी आहे. ही आमची भाची नागपूरला वसतिगृहात राहून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. गाण्याच्या परीक्षा ती लहानपणापासून देत आली असून मध्यमा पूर्ण झालेली आहे. दिवाळीत घरी आली असता तिने सर्वांसमक्ष सांगून टाकले, की पदवी हाती आल्यावर पुण्यास राहून गाणे शिकावयाचे. आमच्या मेहुण्यांनी त्या वेळी काहीच उत्तर दिले नाही. रात्री अंगणात आम्ही दोघेच उरलो, तेव्हा मात्र ते म्हणाले, "नागपूर आपले आहे. सकाळच्या बसने जावे, संध्याकाळच्या बसने घरी यावे. पुण्याला गेलेली पोरे परत येत नाहीत हो."

या बोलण्यात खोट काढण्यास जागा नव्हती. आमच्याच गल्लीत अशी सहा घरे आहेत, की जेथली मुले शिक्षणासाठी महाराष्ट्रात गेली आणि आता पाहुण्यासारखी सणाला येतात. नागपूरची गोष्ट निराळी. हा सारा मुलूख १८५३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा. पुढे इंग्रजी अमदानीत आणि स्वातंत्र्यानंतरही ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर हीच होती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ नोव्हेंबरला, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. सरकारी कागदावरील रेघा अशा सरकत राहिल्या, तरी आमचा बाजार, आमची सोयरीक आणि आमचे दवाखाने यांची वाट सावनेरवरूनच जाते. पुण्याची वाट मात्र आमच्या घरात कोणी मळलेली नव्हती.

अखेर तोड निघाली. मेहुणे भाचीला म्हणाले, "मामाजीसोबत आठ दिवस जाऊन ये. काय आहे ते डोळ्याने पाहा. मग बोलू." बागेत आंबिया बहाराची तोड चालू असल्याने त्यांना स्वतःला येणे शक्य नव्हते. निघताना त्यांनी संत्र्यांची एक करंडी मात्र आमच्या स्वाधीन केली.

आम्ही पांढुर्ण्याहून पहाटेच्या गाडीने नरखेड, काटोल करीत नागपुरास उतरलो. भाची स्थानकावर वाट पाहत होती. तेथून पुण्याची गाडी. वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड अशी गावे मागे टाकीत, दौंडनंतर डोळा लागतो न लागतो तोच सोमवारच्या पहाटेस आम्ही पुण्यास पोहोचलो. मुक्काम आमच्या मावसभावाकडे. ते व वहिनी यांनी आमची उत्तम बडदास्त ठेवली. आमच्या बोलण्यातले 'चूप बस' आणि 'कावून' हे शब्द ऐकून त्यांच्या नातवंडांना हसू आवरत नसे, पण त्यात दुष्टावा नव्हता.

सोमवारी आणि मंगळवारी भाचीने आम्हांस इतके चालविले, की जन्मात कधी पांढुर्ण्याच्या शेतवाटांनी चालविले नसेल. तिच्या वहीत यादी तयार होती. तीत शनिवारवाड्यास एक ओळ आणि गाण्याच्या ठिकाणांना दोन पाने होती. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत गेलो. १७३२ साली बांधून झालेल्या त्या वाड्यातील मुख्य इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या, तेव्हा आत पाहावयास जोतीच आहेत. भाची पाव तासात म्हणाली, "मामाजी, चला." पुढे भारत गायन समाजाच्या दारात मात्र ती बराच वेळ उभी राहिली. भास्करबुवा बखले यांनी १९११ साली स्थापन केलेली ही संस्था. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे बुवांचेच शिष्य. तसेच गांधर्व महाविद्यालय, जे विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यास काढले. भाची ज्या परीक्षा देत आली, त्या परंपरेचा हा एक मूळ ओढा होय. आमच्यासारख्या दूरच्या गावांत पेटी आणि तबला घेऊन एखादे गुरुजी आठवड्याला येतात आणि मुलींना अलंकार घोकून घेतात. ती शिस्त कोठून आली, याचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता.

मंगळवारी राजा केळकर संग्रहालय पाहिले. दिनकर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने हा संग्रह उभा केला आणि १९७५ साली तो शासनास अर्पण केला. अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे यांच्या गर्दीत वाद्यांचेही दालन आहे. काचेमागची ती वाद्ये पाहून भाची म्हणाली, "इतकी वाद्ये, आणि एकही वाजत नाही!" सायंकाळी बालगंधर्व रंगमंदिरावरून गेलो. १९६८ साली उघडलेल्या या नाट्यगृहाची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली होती. त्या दिवशी आत नाटक होते आणि बाहेर तिकिटे संपल्याची पाटी होती. आम्ही पायरीवर बसून शेंगदाणे खाल्ले.

बुधवारपासून मुख्य कार्यक्रम. सवाई गंधर्वांच्या नावाचा संगीत महोत्सव दर वर्षी डिसेंबरात पुण्यास भरतो, हे वाचकांस ठाऊक असेलच. कुंदगोळचे रामभाऊ, रंगभूमीवरील नाव सवाई गंधर्व, हे किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे पट्टशिष्य. १२ सप्टेंबर १९५२ रोजी ते निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून हा उत्सव सुरू केला, आणि २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेल्यावर त्यांचेही नाव त्यास जोडले गेले. पुष्कळ वर्षे हा उत्सव रमणबाग शाळेच्या मैदानावर होत असे. २०१८ पासून तो मुकुंदनगर येथे महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडांगणावर होतो. महामारीमुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे तेवढा खंड पडला.

दुपारी मंडपात शिरलो, तेव्हा आमची पहिली भावना गर्दीच्या भयाची होती. हजारो माणसे! काही खुर्च्यांवर, बाकीची खाली बैठकीवर. कोणी सतरंजी आणलेली, कोणी उशी, कोणी पोळीभाजीचा डबा. आम्हीही आमची चादर अंथरली. सनईने प्रारंभ करण्याचा तेथे प्रघात आहे. ती झाली, आणि एक तरुण गायक मंचावर येऊन बसले. मागे दोन तंबोरे लागू लागले. आता पाच-दहा मिनिटे मोकळीच आहेत, असे समजून आम्ही भाचीला मेहुण्यांच्या दूरध्वनीचा निरोप सांगू लागलो. तोच पुढे बसलेल्या एक वृद्ध बाई वळल्या आणि हळू स्वरात म्हणाल्या, "अहो, गाणे सुरू झाले आहे."

आम्ही म्हणालो, "अजून तर तंबोरेच लागताहेत."

"तेच म्हणते मी," असे म्हणून त्या पुन्हा पाठमोऱ्या झाल्या.

आम्ही ओशाळून गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यामुळेच आम्हांला एक गोष्ट प्रथम जाणवली. त्या अवाढव्य मंडपात आवाज नव्हता. मागे खाद्यपदार्थांच्या दुकानांकडे काय वर्दळ असेल ती असो. परंतु मंचासमोर बसलेली ती हजारो माणसे दोन तंबोऱ्यांच्या तारा जुळताना ऐकत होती. खुंटी पिळली जाई, मणी किंचित सरके, आणि स्वर जागेवर येताच समोरच्या रांगांतून एक समाधानाचा उसासा निघे. आम्ही पन्नास वर्षे भजनात बसतो. पण वाद्य लागणे हा ऐकण्याचा भाग आहे, हे आम्हांस कोणी शिकविले नव्हते. आमच्याकडे पखवाजाला कणीक लागत असते तोवर संत्र्याचा भाव, लग्नाच्या तारखा आणि नगरपालिकेचे राजकारण हे सर्व विषय उरकून घ्यावयाचे असतात.

मध्यंतरात आम्ही करंडीतील संत्री काढली आणि दिलगिरीदाखल दोन त्या बाईंना दिली. त्यांनी सोलून एक फोड तोंडात टाकली आणि विचारले, "नागपूरची ना?"

"सौंसरची," भाची म्हणाली. "बाजारात नागपूरची म्हणूनच जातात."

बाई हसल्या. नंतर पाचही दिवस त्यांनी आमच्यासाठी चादरीपुरती जागा धरून ठेवली. त्यांच्याशी जे बोलणे झाले, ते या प्रवासातील आमची खरी मिळकत होय. त्यांचे वय पंचाहत्तरीच्या घरातले. शाळकरी वयात वडील त्यांना या उत्सवास आणीत. त्या काळी गाणे रात्रभर चाले. मुले पहाटेपर्यंत आईच्या शालीत झोपत आणि भैरवीला जागी केली जात. आता ध्वनिक्षेपकाच्या वेळेचे नियम झाल्यामुळे मैफली बहुधा रात्री दहाच्या सुमारास आवरतात आणि उत्तररात्रीचे राग तेथे फारसे ऐकावयास मिळत नाहीत, याची त्यांना खंत आहे. भाचीने विचारले, "आजी, तुम्ही कोणाकडे शिकलात?"

"मी गात नाही बाळ. मी ऐकते."

हे त्यांनी, 'मी शाळेत शिकवते' किंवा 'मी डॉक्टर आहे' असे सांगावे, त्या सुरात सांगितले. मग पिशवीतून एक जाड वही काढून दाखविली. प्रत्येक वर्षाची तारीख, गायक-वादक, राग, आणि शेवटी एकदोन शब्दांचा शेरा. कोठे 'निषाद विसरणार नाही' असा, तर कोठे नुसतेच 'घाई'. अशा त्यांच्या सात वह्या झाल्या आहेत. तंबोरा चार तारांचा असतो, हे आम्हांस ठाऊक होते. पहिली तार पंचमाची, रागात पंचम नसेल तर मध्यमाची, मधल्या दोन जोडाच्या, चौथी खर्जाची. पण घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकविलेला एक साधा दोरा जवारी खुलवतो आणि त्या दोऱ्याची जागा केसभर चुकली तरी तार मुकी होते, हे त्यांनी आम्हांस समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही तो दोरा आपण होऊन शोधू लागलो.

गुरुवारी सकाळी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात गेलो. उत्सवाच्या दिवसांत तेथे कलावंतांवरील लघुपट आणि मुलाखती होतात. परतताना भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामाजी, एक पाहिले का? यातला पुण्याचा कोण आहे?" आम्ही मनाशी मोजू लागलो. सवाई गंधर्व कुंदगोळचे, भीमसेनजी गदगचे, दोघेही कानडी मुलखातले. भीमसेनजी तर अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले आणि फिरत फिरत आमच्या मध्य प्रदेशातील ग्वाल्हेरपर्यंत गेले होते. अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेकडील कैराण्याचे, ते मिरजेस येऊन राहिले. महाराष्ट्रात ख्याल रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ती विद्या ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशांपाशी मिळविली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढले ते लाहोरास! म्हणजे या शहराच्या अभिमानाचे गाणे चहूंकडून येथे आले. शहराने स्वतःचे म्हणून काय घातले? तर कान घातले. 'तानसेन होणे सर्वांना साधत नाही, कानसेन तरी व्हावे' असे जुने लोक म्हणत. या गावाने ते म्हणणे मनावर घेतले, एवढाच त्याचा मोठेपणा. पण तो लहान नव्हे. गाणारा कोठूनही येऊ शकतो. ऐकणारा मात्र जागच्या जागी, वर्षानुवर्षे बसून, घडवावा लागतो.

येथेच आम्हांला तो तिसरा प्रश्न पडला. आम्ही आजवर परगावी गेलेल्या मुलांविषयी खंत करीत आलो. परंतु जी मुले गाणे, चित्र किंवा अभ्यास घेऊन परत आली असती, त्यांचे ऐकण्यास आमच्या गावी कोण बसलेले होते?

शुक्रवारी सकाळी भाचीची परीक्षा होती असेच म्हणावे लागेल. मावसभावाच्या ओळखीने एका गुरूंनी तिला आपल्या घरी शिकवणीस बसण्याची परवानगी दिली. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांना ते आवडणार नाही. लहानशी खोली, तंबोरा, सहा-सात शिष्य. तासाभराने त्यांनी तिला गाण्यास सांगितले. तिने भीमपलास म्हटला. आम्ही दाराजवळ बसलो होतो आणि आमचेच तळवे घामेजले होते. गुरूंनी पूर्ण ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "सूर चांगला आहे. ताना मात्र तू भ्रमणध्वनीवर ऐकून उचलल्या आहेस. त्या तुझ्या नाहीत. घरी काय गातेस?"

भाची गोंधळली. घरी म्हणजे आजीच्या वेळच्या भुलाबाईच्या गाण्यांखेरीज आणि खंजिरी भजनाखेरीज काय असणार? आमच्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी घरोघरी पोहोचलेली आहे. १९६८ मध्ये महाराज गेले, तरी आमच्या गावोगावी भजनास बसलेल्या मंडळींच्या हाती ती अजून आहे. भाचीने भीतभीत एक भजन धरले. अर्ध्यावर गुरूंनी हात वर केला. आम्हांला वाटले, संपले. पण ते म्हणाले, "ही जागा पुन्हा घे." तिने घेतली. "पुन्हा." असे चार वेळा झाले. मग ते शिष्यांकडे वळून म्हणाले, "हिच्या या मींडेत कोणाची नक्कल नाही." आणि भाचीला : "कुमार गंधर्व १९४८ साली देवासला जाऊन राहिले. क्षयाने अंथरुणाला खिळलेले असताना माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी त्यांनी कान देऊन ऐकली, आणि पुढे त्यांतून राग निघाले. तुमच्याच प्रांतातली गोष्ट आहे ही. तू घरचे टाकून येऊ नकोस. बरोबर घेऊन ये."

निघताना आम्ही विचारावयाचे ते विचारले : किती दिवस लागतील? गुरूंनी गोड बोलण्याचा मुळीच प्रयत्न केला नाही. "दहा वर्षे. त्यानंतरही पोट भरेल असे मी सांगणार नाही. आधी पदवी पुरी करू द्या. नागपुरात तिच्या बाई आहेत, त्यांच्याकडे रियाज चालू राहू द्या. जूनमध्ये या, मग पाहू." रस्त्यात भाची रडली. ते रडणे आनंदाचे की भीतीचे, हे आम्ही विचारले नाही. बहुधा तिलाही ते सांगता आले नसते.

शनिवारी सकाळी आम्ही वाद्यांच्या एका दुकानातून तंबोऱ्याच्या तारांचा संच घेतला. आमच्या घरी वडिलांचा एक तंबोरा आहे. त्यांच्यामागे तो गवसणीत घालून भिंतीस टांगला गेला, तो तसाच. दुकानदाराने भोपळ्याचा घेर विचारला, आम्हांला सांगता आला नाही. तीस वर्षे ज्याच्याखाली झोपलो, त्याचे माप आम्हांस ठाऊक नव्हते.

रविवारी उत्सवाचा शेवटचा दिवस. भीमसेनजींच्या पश्चात अनेक वर्षे प्रभाताई अत्रे यांच्या गाण्याने येथे सांगता होत असे. २०२४ च्या जानेवारीत त्याही गेल्या. वहीवाल्या बाई त्यांच्या आठवणीने थोड्या गप्प झाल्या होत्या. मात्र एक रिवाज चालत आला आहे : सर्व गाणी संपली, की सवाई गंधर्वांनी गायिलेल्या भैरवीतील ठुमरीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली जाते. खरखरत्या तबकडीतून, सत्तर वर्षांहून अधिक काळापूर्वी निवर्तलेल्या माणसाचा आवाज त्या मंडपात येतो. चपला शोधणारी, चादरी घड्या घालणारी माणसे जागच्या जागी थांबली. टाळ्यांची वाट पाहणारे मंचावर कोणी नव्हते. तरीही लोक ऐकत होते. भाचीने आमची बाही धरली होती. बाईंनी वहीत तारीख लिहिली आणि शेरा काही लिहिला नाही. निरोप घेताना त्या भाचीला म्हणाल्या, "जूनमध्ये आलीस की घरी ये." आणि आम्हांला म्हणाल्या, "तुम्हीही एक वही घाला."

परत आल्यावर आठवडाभराने एकादशी होती. आमच्या पेठेतील विठ्ठलमंदिरात भजनास मंडळी जमली. भाची मुद्दाम सौंसरहून आली होती, आणि सोबत तिचे आईवडीलही. दुपारभर बसून तिने आजोबांच्या तंबोऱ्यास नव्या तारा चढविल्या होत्या. मंदिरात तो पाहून म्हाताऱ्यांना कौतुक वाटले. पण ती तो लावीत बसली, तेव्हा पाच मिनिटांतच कुजबूज, मग गप्पा, मग मुलांची पळापळ सुरू झाली. टाळकऱ्यांपैकी एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "कावून थांबली पोरी? घे ना सुरू."

भाची म्हणाली, "बाबाजी, सुरूच आहे. आपण मोझरीला पुण्यतिथीला उभे राहतो ना मौन धरून, तसे दोनच मिनिटे बसू."

आम्ही चमकलो. हे आमच्या ध्यानात कसे आले नव्हते? गुरुकुंज मोझरीला महाराजांच्या पुण्यतिथीस प्रचंड समुदाय एका क्षणी स्तब्ध उभा राहतो. आमच्या मंदिरातील अर्धी माणसे त्यात उभी राहिलेली आहेत. गप्प राहणे आम्हांला परके नव्हते. ते आम्ही वर्षातून एका दिवसापुरते ठेवून दिले होते. मोझरीचे नाव निघताच बाबाजींनी टाळ खाली ठेवले. मुले बसली. तंबोऱ्याचा जोड जुळला, आणि तो जुळल्याचे मंदिरातील निम्म्या लोकांना तरी कळले, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसले. मग भजन झाले, नेहमीसारखेच, उंच आवाजात, भरपूर टाळांसह. पुण्यासारखे ते झाले नाही, व्हावेही कशाला?

रात्री मेहुणे आमच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "जाऊ द्या तिला जूनमध्ये. ती परत येईल की नाही, सांगता येत नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आली तर तिला ऐकायला माणसे पाहिजेत."

त्याचे उत्तर देणे आमच्याकडे होते. वाचकहो, आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी मराठी घरे. आपली भाषा टिकेल की नाही, मुले राहतील की जातील, याची चर्चा आपण पुष्कळ केली आहे. त्यात आपल्या हाती असलेली ही एक लहान गोष्ट आम्ही पुढे ठेवतो. दर एकादशीस, भजनापूर्वी, आमच्या मंदिरात अर्धा तास कोणीतरी गाते, वाजविते किंवा जुनी ध्वनिमुद्रिका लावते. आणि बाकीचे वाद्य लागल्यापासून अखेरपर्यंत केवळ ऐकतात. शिकलेली मुलगी जूनमध्ये जाईल. तोवर ती दोन एकादश्यांना एकदा नागपूरहून येते. ती नसते त्या दिवशी पेटीवाले गुरुजी बसतात.

आम्हीही वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर असे लिहिले आहे : 'एकादशी. विठ्ठलमंदिर, पांढुर्णा. राग भूप. तंबोरा लागण्यास सोळा मिनिटे. शेवटपर्यंत बसलेले श्रोते चौदा.' दुसऱ्या पानावर तो आकडा अकरा आहे, तिसऱ्यावर एकोणीस.